जांभ्या जमिनीला चुना की जिप्सम?

कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि जांभ्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. माती आंबट होते. मग लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदही (फॉस्फरस) अडकवून ठेवतात. खत घालूनही रोप खुरटलेलंच.

इथे चुना उपयोगी. शुद्ध चुनखडीत ४० टक्के कॅल्शियम असतं, शिवाय ती आम्लता मारते. पण काम सावकाश: पेरणीआधी महिना-दोन महिने मातीत मिसळावी लागते. शेणखत किंवा युरियासोबत एकदम टाकू नका, नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं. (आमच्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत, तो भाजलेला चुना फार तिखट, हात जपा.)

जिप्सममध्ये कॅल्शियम साधारण २३ टक्केच, वर १८ टक्के गंधक. सामू (pH, मातीची आम्लता सांगणारा आकडा) मात्र फारसा हलत नाही. तरी भातानंतरच्या भुईमुगाला मी तेच देईन, आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना बुडाशी. शेंग कॅल्शियम थेट भोवतालच्या मातीतून घेते. ते कमी पडलं की शेंगा पोचट.

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतंय? तेही कॅल्शियम कमी पोचल्यानं, पण आधी पाणी नियमित द्या. पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम बघा, म्हणजे डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी). आणि सामू ६.५ च्या आसपास असेल तर चुन्याला हातच लावू नका.