बिल्ला, पट्टा की नुसतं कार्ड? कन्सील्ड कॅरीचं लायसन्स असलेल्यांसाठी

अमेरिकेत ज्यांच्याकडे लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना आहे, त्यांच्यासाठी ऑनलाइन दुकानांत बिल्ले विकायला असतात. सोनेरी किंवा चंदेरी धातूची ढाल, नाहीतर चांदणी. वर पंख पसरलेला गरुड, मध्ये एखादं सरकारी वाटावं असं चिन्ह, आणि कडेने गोल फिरलेली बारीक अक्षरं: 'कन्सील्ड वेपन्स परमिट'. मागे चामड्याचा तुकडा आणि बेल्टला अडकवायची क्लिप. वीस-चाळीस डॉलरमध्ये घरपोच. टेक्सासात परवान्याची सरकारी फीसुद्धा ४० डॉलरच आहे, पण त्याच्या जोडीला बोटांचे ठसे, चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि रेंजवरची नेमबाजीची चाचणी असते. बिल्ल्याला फक्त क्रेडिट कार्ड लागतं.

टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोना इथल्या मराठी घरांतही आता परवाना काढलेली माणसं आहेत. कुणी रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन निघतात, कुणाच्या घरी चोरी होऊन गेलेली असते, कुणी नुसते आवडीने रेंजवर जायला लागलेले असतात. परवाना हातात आला की तो बिल्ला घ्यावा का, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर सुरुवातीलाच देतो: घेऊ नका. पण त्याची कारणं प्रसंगागणिक बदलतात, आणि बिल्ला नाही तर काय, हेही ठरवावं लागतं. म्हणून तीन पर्याय शेजारी ठेवून बघू: कमरेचा बिल्ला, खांद्यावरून आडवा घ्यायचा भडक रंगाचा पट्टा, आणि अंगावर काहीच न लावता खिशातलं परवान्याचं कार्ड.

शर्ट वर सरकला तर

बिल्ला लावणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. सुपरमार्केटमध्ये वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला, शर्ट वर सरकला आणि शेजारच्या बाईंना पिस्तूल दिसलं, तर त्या घाबरून ९११ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर, फोन लावतील. होल्स्टरच्या, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायच्या म्यानाच्या, पुढे बिल्ला चमकताना दिसला तर बहुधा आपल्या वाटेने निघून जातील. पण का? सहा फुटांवरून ती बारीक अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत. दिसते ती ढाल आणि तो गरुड, आणि बाईंना वाटतं की हा साध्या वेशातला पोलीस असणार. बिल्ल्याचा जो काही उपयोग आहे, तो असा समोरच्याच्या गैरसमजावर उभा आहे.

कायदा नेमकं त्याच ठिकाणी बोट ठेवतो. कॅलिफोर्नियाच्या दंडविधानाचं कलम ५३८डी सांगतं की, सर्वसाधारण समजूतदार माणसाची फसगत होईल इतका पोलिसी बिल्ल्यासारखा दिसणारा बिल्ला लावणं हा गुन्हा आहे, आणि पोलीस असल्याचं भासवायच्या कपटी हेतूने तो लावला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २००७ मध्ये त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) शेरीफ लोकांनाही, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांनाही, बजावलं होतं की, मित्रमंडळींना आणि देणगीदारांना 'मानद' बिल्ले वाटणं याच कायद्यात अडकू शकतं. शिवाय तिथल्या परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं की, पिस्तूल बाळगत असताना कुणापुढेही स्वतःला पोलीस म्हणून मिरवायचं नाही. म्हणजे खटला पुढे काहीही होवो, परवान्यावर गदा येऊ शकते. टेक्सासात पोलीस खात्याचं चिन्ह नसलेला बिल्ला नुसता लावल्याने लगेच गुन्हा होत नाही. पण सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून दुसऱ्याला आपलं ऐकायला लावलं, तर तो थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, शिक्षा दोन ते दहा वर्षं. पार्किंगमध्ये भांडण झालं, तुम्ही जॅकेट मागे सारून 'गाडी बाजूला घे' म्हणालात आणि बिल्ला दिसला, तर सरकारी वकिलाला आणखी काय हवं? तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मग तुम्ही कोर्टात सांगत बसायचं.

एसटीच्या कंडक्टरचा बिल्ला पाहून आपण बिनधास्त पैसे देतो, कारण त्यामागे त्याला जाब विचारू शकणारं खातं असतं. या बिल्ल्यामागे दुकानाखेरीज कुणी नाही. विकताना 'परवाना दाखवा' असंही सहसा कुणी म्हणत नाही. सध्या २९ राज्यांत तर परवान्याशिवायही पिस्तूल लपवून बाळगता येतं. मग 'परमिट' लिहिलेल्या त्या धातूवर पोलिसाने कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा?

शर्ट सरकण्यावर खरा इलाज सोपा आहे: कमरेच्या आत बसणारं चांगलं होल्स्टर, जाड बेल्ट आणि एक साइझ लांब शर्ट.

पोलीस पोचतात तेव्हा

बिल्ल्याच्या बाजूने सगळ्यात जास्त बोललं जातं ते इथे. मॉलमध्ये गोळीबार झाला, तुम्ही पिस्तूल काढलं, तेवढ्यात पोलीस आले. बिल्ला असेल तर ते तुम्हाला हल्लेखोर समजणार नाहीत, असा हा युक्तिवाद. मला तो पटत नाही, एवढंच नाही, त्याची भीती वाटते, कारण बिल्ल्याच्या भरवशावर माणूस पिस्तूल हातात धरून उभा राहील.

२०१८ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या रात्री अलाबामातल्या हूवर शहरात रिव्हरचेस गॅलेरिया मॉलमध्ये गोळीबार झाला. एमँटिक ब्रॅडफर्ड हा २१ वर्षांचा तरुण पिस्तूल हातात घेऊन धावत होता. त्याच्याकडे परवाना होता. गोळीबार दुसऱ्याच कुणी केला होता. बंदोबस्तावरच्या पोलिसाने ब्रॅडफर्डला हल्लेखोर समजून मागून गोळ्या घातल्या, आणि सुरुवातीला पोलिसांनी जाहीरही तेच केलं. त्याच्या बेल्टवर पुढच्या बाजूला बिल्ला असता, तर मागून गोळी झाडणाऱ्याला तो दिसला असता का?

त्याच्या थोडेच दिवस आधी, इलिनॉयमधल्या रॉबिन्स गावात एका बारचा सुरक्षारक्षक जेमेल रॉबरसन याने गोळीबार करणाऱ्या एकाला जमिनीवर दाबून धरलं होतं. हातात पिस्तूल. आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. त्याच्या कपड्यांवर 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं होतं की नाही, यावर साक्षीदारांचं एक म्हणणं आणि राज्य पोलिसांचं दुसरं. अंगावर काय लिहिलं होतं याबद्दल नंतर निवांतपणे विचारल्यावरही एकमत होत नाही. मग त्या दोन-तीन सेकंदांत ते कोण वाचणार?

२०२१ मध्ये कोलोरॅडोच्या आर्व्हाडामध्ये जॉनी हर्ली याने, एका पोलिसाला ठार मारलेल्या बंदूकधाऱ्याला गोळ्या घालून रोखलं. मग त्याने त्या माणसाची रायफल उचलली. दुसऱ्या पोलिसाला दिसला तो रायफल हातात असलेला माणूस. त्याने गोळी झाडली, आणि हर्ली गेला. त्या दिवशी त्याने कुणाकुणाचे जीव वाचवले असतील, आणि मृत्यू आला तो कुणी त्याला ओळखलं नाही म्हणून. हे वाचताना अजून गलबलून येतं.

या तिन्ही ठिकाणी पोलिसाची नजर हातावर होती, कमरेवर नव्हती. त्यांना शिकवलेलंच असतं तसं: हात बघा, मारतात ते हात.

खरे बिल्लेवाले पोलीससुद्धा यातून सुटलेले नाहीत. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ओमार एडवर्ड्स हा ड्युटी संपवून निघालेला पोलीस हातात पिस्तूल घेऊन, आपल्या गाडीत घुसलेल्या चोरामागे धावत होता. सहकारी पोलिसाच्याच गोळीने तो मेला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या समितीने २०१० मध्ये अहवाल दिला. १९८१ पासून देशभरात २६ पोलीस अशा गैरसमजातून सहकाऱ्यांच्या गोळीला बळी पडले होते, आणि १९९५ नंतरच्या १४ जणांपैकी १० जण गोरे नव्हते. न्यूयॉर्क पोलीस साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांसाठी 'दिवसाचा रंग' ठरवतात, त्या रंगाची पट्टी दिसली की आपला माणूस. इतकी शिस्त असलेल्या दलाला जे साधत नाही, ते दुकानातून आणलेल्या बिल्ल्याने साधेल, असं सावळ्या कातडीच्या आपल्या माणसाने तरी समजू नये.

उलट धोका वेगळाच. खरा हल्लेखोर बिल्ला पाहून तुम्हाला पोलीस समजतो आणि पहिली गोळी तुमच्याकडे येते. परवाना लपवून बाळगण्याचा आहे. कुणाला पत्ता नसणं हाच त्याचा मोठा फायदा, आणि बिल्ला लावून तो आपण आपल्या हाताने घालवतो.

आडवा पट्टा

काही लोक बिल्ल्याऐवजी घडी घालून ठेवता येणारा, फ्लुरोसंट रंगाचा पट्टा बाळगतात. झटका दिला की उलगडतो, खांद्यावरून छाती-पाठीवर आडवा घेता येतो, अक्षरं मोठी असतात. ओळखू येण्यापुरतं बोलायचं तर हा बिल्ल्यापेक्षा कितीतरी बरा: लांबून दिसतो, मागूनही दिसतो, आणि पोलिसी ढालीसारखा नाही, म्हणून कायद्याची कटकटही कमी (त्यावर 'पोलीस' छापलेलं नसेल तर). पण तो घालायला एक हात आणि काही सेकंद लागतात. तेवढा वेळ मोकळा असेल तर तेवढ्याच वेळात पिस्तूल परत होल्स्टरमध्ये जातं. चर्चच्या किंवा मंदिराच्या स्वयंसेवी सुरक्षा पथकात असाल, आणि स्थानिक पोलिसांना आधी दाखवून ठेवलं असेल, तरच मी त्याचा विचार करेन.

कार्ड आणि दोन वाक्यं

गोळीबार रोजचा नाही. परवानाधारकाची पोलिसांशी गाठ पडते ती रस्त्यावर, गाडी थांबवल्यावर. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, अलास्का इथे पिस्तूल जवळ आहे हे तुम्ही आपणहून सांगायचं. टेक्सासात पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत परवानाही दाखवायचा. यातल्या कुठेही बिल्ला चालत नाही. लागतं ते फोटो आणि नंबर असलेलं कार्ड, जे पोलीस जागच्या जागी तपासू शकतो. पाकीट उघडल्यावर बिल्ला दिसला तर पहिला प्रश्न येईल, 'तुम्ही कुठल्या खात्यात?' आणि मग तुमचं उत्तर कितीही सरळ असलं तरी संशयाला जागा झालेली असते.

कार्ड म्हणजे चिलखत नव्हे, हेही सांगायला हवं. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कास्टिलने पोलिसाला शांतपणे, 'सर' म्हणून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. त्याच्याकडे परवाना होता. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, आणि पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. कास्टिलचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून मी घरच्यांना एवढं सांगतो: गाडी थांबली की आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, 'गन' हा शब्द पहिला उच्चारू नका. 'माझ्याकडे कॅरी लायसन्स आहे आणि आज पिस्तूल जवळ आहे, मी काय करू?' एवढं बोलून थांबा. पोलीस सांगेपर्यंत पाकिटालासुद्धा हात लावायचा नाही.

पिस्तूल काढायची वेळ आलीच, तर धोका टळताक्षणी ते होल्स्टरमध्ये. ९११ ला स्वतः फोन करा आणि आपण कोणते कपडे घातलेत ते सांगा: निळा शर्ट, चष्मा, दाढी. पोलीस आले की रिकामे हात वर, बोटं पसरलेली, आणि ते सांगतील तसं. बेड्या घातल्या तरी वाद नाही.

ग्रीन कार्डवर असाल तर

आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी हा मुद्दा वरच्या सगळ्यांपेक्षा वजनदार ठरावा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायदा सहसा बंदूक बाळगूच देत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना बाळगता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीचं कारण होऊ शकतं. नागरिकत्वाच्या अर्जात नुसती अटकसुद्धा विचारतात, खटला निकाली निघाला असला तरी. जन्माने अमेरिकन असलेल्याला बिल्ल्यापायी दंड भरून सुटता येईल. ग्रीन कार्डवाल्याने तोच धोका पत्करावा असं त्या बिल्ल्यात मला काहीही दिसत नाही.

आधीच घेऊन ठेवला असेल तर तो पाकिटातून, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधून आणि बेल्टवरून काढा, आणि घरी कपाटात ठेवा. त्या पैशांत रेंजवर प्रशिक्षकासोबतचा एखादा तास मिळाला तर तो घ्या. त्यात पिस्तूल काढण्यापेक्षा ते न बघता परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा सराव जास्त करून घ्या.