तेरा महिने झिरो मार्कअप क्रेडिट कार्ड: वहीतल्या हिशेबासकट अनुभव

मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला लागली आणि आमच्या घरात युरोचा हिशेब शिरला. २०२२ च्या पहिल्या फेरीत मी नेहमीचंच क्रेडिट कार्ड नेलं होतं, ज्यावर आम्ही कोल्हापुरात किराणा आणि विजेचं बिल भरतो. परत आल्यावर स्टेटमेंट उघडलं. खरेदीच्या ओळी ओळखीच्या होत्या, पण शेवटच्या पानावर बारीक रकमांची रांग लागली होती. कुठे ६३ रुपये, कुठे ३७८, आणि प्रत्येकीखाली जीएसटीची आणखी एक ओळ. दुकानातल्या पावत्यांवर यातलं काहीच नव्हतं. मी घरखर्च वहीत लिहिणारी बाई. वही आणि स्टेटमेंट शेजारी घेऊन बसले, तर दीड महिन्यात नुसत्या या फीपायी पाच हजारांवर रुपये गेलेले निघाले.

ही फी म्हणजे फॉरेन करन्सी मार्कअप. आपल्याकडच्या बहुतेक साध्या कार्डांवर ती ३.५ टक्के असते, महागड्या कार्डांवर २ टक्क्यांच्या आसपास. त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ चे प्रत्यक्षात ४.१३ होतात, लाखामागे ४,१३० रुपये. वर्षाची फी माफ व्हावी म्हणून आपण कस्टमर केअरला तीन-तीन फोन करतो, आणि इथे त्याच्या कितीतरी पट रक्कम न विचारता जाते. मला याचा खरंच राग आला होता.

मार्च २०२४ मध्ये पुढच्या फेरीआधी झिरो मार्कअप कार्ड घेतलं. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आज ज्या कार्डावर शून्य आहे त्यावर उद्या फी लागू शकते, तेव्हा नावापेक्षा कागद बघायचा. माझं कार्ड एफडीवर मिळालेलं आहे. आम्ही दोघंही निवृत्त, पगाराची स्लिप नाही, आयकर विवरणातलं उत्पन्न बेताचं, त्यामुळे साधा अर्ज एकदा नाकारला गेला होता. मग दीड लाखाची एफडी ठेवली, तिच्यावर १ लाख ३५ हजारांची मर्यादा मिळाली. एफडीवर व्याज चालू राहतं, कार्डाला वार्षिक फी नाही. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि स्वतःचं पेन्शनवर चाललं आहे, अशांनी हा रस्ता जरूर बघावा. सहलीपुरती म्हणून बाजूला ठेवायची रक्कम तशीही कुठेतरी पडून असतेच.

पहिला धडा विमानतळावरच मिळाला. फ्रँकफर्टला उतरून पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेलो, कार्ड चालेना. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून देतात. परदेशी वापर, ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं, ही प्रत्येक सोय अॅपमध्ये आपल्याला वेगवेगळी चालू करावी लागते. मी परदेशी वापर चालू केला होता, टॅपचं बटण राहिलं होतं. विमानतळाच्या वायफायवर दोन मिनिटांत झालं, पण मागे रांग आणि पुढे गोंधळलेली मी. घरून निघतानाच सगळी बटणं बघून घ्या, आणि पिन पाठ असू द्या. जर्मनीत ५० युरोंवरच्या खरेदीला टॅप केल्यावरही मशीन पिन मागतं.

त्यानंतर चौऱ्याऐंशी दिवस कार्डाने चोख काम केलं. डीएम, रॉसमान, रेवे ही तिथली दुकानं, रेल्वेची तिकिटं, कुठेच अडलं नाही. पहिले पंधरा दिवस मी रोज रात्री स्टेटमेंटमधली रक्कम आणि त्या दिवशीचा व्हिसाचा, म्हणजे कार्डाचे व्यवहार चालवणाऱ्या कंपनीचा, दर ताडून बघत होते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर दर बघायची सोय आहे. गूगलवर दिसणाऱ्या दरापेक्षा मला युरोमागे वीस-चाळीस पैसे जास्त लागले. हा फरक या कंपन्यांच्या दराचा आहे, तो शून्य मार्कअपवालं कार्डही पुसू शकत नाही. शिवाय दर लागतो तो साधारण व्यवहार बँकेकडे पक्का होतो त्या दिवसाचा. शनिवारची खरेदी मंगळवारी पक्की झाली तर मंगळवारचा. म्हणून अॅपमधली रक्कम दोन दिवसांनी चार-सहा रुपयांनी हलली तर घाबरू नका.

जे घातक आहे ते वेगळंच, आणि मुलीने मला ते श्टुटगार्टच्या एका बुटांच्या दुकानात दाखवलं. चालायचे बूट घेतले, १२० युरो. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर आयएनआर ११,३४०, खाली युरो १२०. माझं बोट आपोआप वरच्या ओळीकडे गेलं, कारण रुपये दिसले की जीवात जीव येतो. तिने हात धरला. "आई, युरोच दाबायचं. नेहमी." मी युरो दाबलं, स्टेटमेंटमध्ये १०,८०० आले. याच बुटांवर जुन्या कार्डाने मार्कअप आणि जीएसटी मिळून ४४६ रुपये घेतले असते. रुपये दाबले असते तर फरक ५४० चा, तोही बँकेच्या फीच्या आधी.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. रुपयांतली रक्कम आपली बँक ठरवत नाही, व्हिसा ठरवत नाही. दुकानदाराच्या मशीनमागची कंपनी स्वतःच्या दराने ठरवते, आणि त्या दरात तिचा आणि दुकानाचा वाटा असतो.

हे इतकं शिकूनही आम्ही फसलो. डिसेंबरमध्ये बँकॉकला तीन रात्री राहिलो, हॉटेलचं बिल ९,६०० बाट. मी सामान बघत होते, काउंटरवर हे होते. तिथल्या मुलाने कार्ड मशीनमध्ये घातलं, स्वतःच एक बटण दाबलं, ह्यांच्यासमोर पिनसाठी मशीन धरलं. ह्यांनी पिन टाकला, पावतीवर सही केली. टॅक्सीत मी पावती उघडली तर थाई बाट नाहीच, आयएनआर २४,९६०, आणि खाली अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेलं की मला चलन निवडायचा पर्याय दिला होता आणि मी रुपये निवडले. त्या दिवशी बाट साधारण २.४८ रुपयांना होता. म्हणजे बिल २३,८०८ चं. ११५२ रुपये तिथेच गेले.

घरी आल्यावर आणखी एक ओळ दिसली. माझ्या बँकेने डीसीसी फी म्हणून १ टक्का आणि त्यावर जीएसटी लावला होता, २९४ रुपये ५३ पैसे. परदेशी दुकानात भारतीय रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक बँका ही फी घेतात. व्यवहार परकीय चलनात नाही, त्यामुळे 'झिरो मार्कअप' त्याला लागूच होत नाही. सगळं मिळून १,४४६ रुपये गेले. हेच बिल जुन्या ३.५ टक्केवाल्या कार्डावर बाटमध्ये भरलं असतं तर ९८३ गेले असते. शून्याचं कार्ड, आणि नुकसान जुन्या कार्डाच्या दीडपट. त्या रात्री मला झोप लागली नाही, रकमेपेक्षा फसवणुकीचं वाईट वाटलं.

मी बँकेकडे तक्रार केली. चलन निवडायचा हक्क कार्डधारकाचा आहे, दुकानदाराने परस्पर निवडायचं नाही, असं व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्या नियमांत आहे. पण पावतीवर सही होती. बँकेने तेवढ्यावर प्रकरण मिटवलं. त्यामुळे जे करायचं ते काउंटरवरच करायचं. पावतीवर रुपये दिसले तर तिथेच व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगा, सही करू नका. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' निवडायचं. आणि भारतात बसून परदेशी संकेतस्थळावर तिकीट काढताना किंमत रुपयांत दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर १ टक्का लागू शकतो.

रोख पैशांसाठी हे कार्ड वापरू नका, मार्कअप शून्य असला तरी. क्रेडिट कार्डावर रोख काढली की वेगळी फी आणि त्याच दिवसापासून व्याज. जर्मनीत रोख लागतेच. आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या दारावर 'नुअर बार' अशी पाटी होती, म्हणजे फक्त रोख. शनिवारच्या भाजीबाजारातही तेच, आणि काही ठिकाणी फक्त गिरोकार्ड, म्हणजे त्यांचं स्वतःचं डेबिट कार्ड चालतं. त्यासाठी मी फॉरेक्स कार्डावर ६०० युरो भरून नेले होते. त्याची जाहिरातही शून्य मार्कअपचीच, पण बँकेने युरो दिला ९१.६० ने, त्या दिवशीचा व्हिसाचा दर होता ९०.१०. म्हणजे ९०० रुपये दरातच गेले, वर ९९ रुपये जीएसटी. आणि तेच युरोचं कार्ड थायलंडमध्ये घासलं तर एका चलनातून दुसऱ्यात जाण्याची फी वेगळी, म्हणून ते मी घरीच ठेवलं. बँकॉकला डेबिट कार्डाने एकदाच पैसे काढले, एटीएमने २२० बाट स्वतःची फी घेतली. काढायचे तर एकदाच आणि पुरेसे काढावेत.

टीसीएस, म्हणजे परदेशी नेलेल्या-पाठवलेल्या पैशांवर ठराविक मर्यादेनंतर आधीच घेतला जाणारा कर, याबद्दल आमच्या ओळखीत अजून गोंधळ आहे, म्हणून लिहिते. मे २०२३ मध्ये सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक मर्यादेत, आणायची अधिसूचना काढली होती, पण २८ जूनला ते पुढे ढकललं. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च त्या मर्यादेत धरत नाहीत. फॉरेक्स कार्डावर भरलेले पैसे मात्र धरतात. टीसीएसची ७ लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली आहे. आमच्यासारख्यांचा खर्च तिथवर जात नाही.

कार्डाच्या खटकलेल्या गोष्टी दोन. एक, मर्यादा कमी पडते. म्युनिकच्या हॉटेलने अनामत म्हणून २०० युरो अडकवले, ते सुटायला नऊ दिवस लागले, आणि तोवर साधारण अठरा हजारांची मर्यादा बंद. मी महिन्याच्या मध्येच बिल भरून जागा करत राहिले. दुसरी गोष्ट परताव्याची. ८० युरोचा कोट परत केला, घेताना युरो ९०.६० होता, पैसे परत आले ८९.७० ने. बहात्तर रुपये गेले. यात बँकेचा दोष नाही, पण जुन्या कार्डावर हेच झालं होतं तेव्हा वस्तू परत करूनही मार्कअप परत आला नव्हता, तेही लक्षात ठेवा.

सुरक्षेचं एकच सांगते. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीची सवय आहे. परदेशी संकेतस्थळांवर कित्येकदा नुसता कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणून मी परदेशी ऑनलाइनचं बटण तिकीट काढण्यापुरतं चालू करते आणि लगेच बंद करते.

तेरा महिन्यांत या कार्डावर परदेशी चलनातला खर्च २,३८,४०० रुपये झाला. जुन्या कार्डावर याचे ९,८४६ रुपये गेले असते. बँकॉकचं बिल यात धरलेलं नाही, ते वहीत लाल शाईने वेगळं लिहिलं आहे.

कार्ड घेताना फक्त मार्कअपची ओळ वाचून थांबू नका. बँकेच्या एमआयटीसी नावाच्या, म्हणजे महत्त्वाच्या अटी-शर्तींच्या कागदात डीसीसी फी आणि रोख काढण्याची फी या दोन ओळी शोधा. मला विकताना फोनवरच्या मुलीने 'परदेशात एक रुपयाही लागणार नाही' असं सांगितलं होतं. डीसीसीची सूचना कार्डासोबतच्या पत्रात मराठी-हिंदीत ठळक छापा, असं मी बँकेला लिहून कळवलं. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली, एवढं उत्तर आलं आहे. सप्टेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्टला जायचं आहे. या खेपेला ह्यांच्या नावाचं अॅड-ऑन कार्डही घेतलं आहे, आणि त्याच्या पाकिटावर मी मार्करने 'युरो' लिहून ठेवलं आहे.