महालातलं भाड्याच्या कूलरचं दुकान: हिशेब एकदम चोख

गारवा नागपूरच्या मानानं बरा. वाळ्याच्या ताट्या नव्या होत्या, पंप मात्र रात्री घुरघुरतो. तरी मी या दुकानाचं नाव सगळ्यांना सांगतो, ते दिवस मोजण्यासाठी. भाडं रोजाचं. 20 एप्रिलला नेला, 12 जूनला परत केला. दोन्ही टोकं धरली तर 54 दिवस होतात. काकांनी पावतीवर आधीच लिहून दिलं होतं, ‘नेल्याचा दिवस धरणार, आणल्याचा नाही’. म्हणजे एप्रिलचे 11, मेचे 31, जूनचे 11, एकूण 53. हे त्यांनी मुठीच्या उंचवट्यांवर मोजलं: उंचवटा 31, खळगा 30, फेब्रुवारी तेवढा वेगळा, जुलै-ऑगस्ट दोन्ही उंचवट्यांवर. मी मोबाईलवर एक्सेलमध्ये तारखांची वजाबाकी केली, तिथंही 53च. (दोन्ही टोकं हवी असतील तर एक मिळवायचा, हे एक्सेल आपण होऊन सांगत नाही.) ‘दोन महिने धरा ना भाऊ’ म्हणून 60 दिवस लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. ने-आणीचे पैसे वेगळे, ते आधीच विचारून घ्या.