समुद्र चालकाच्या बाजूला: भाड्याच्या गाडीने कोकण किनाऱ्यावर नऊ दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघा पतिपत्नींनी पुण्यातील एका संस्थेकडून स्वतः चालवायची गाडी नऊ दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि ताम्हिणी घाटाने खाली उतरून हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर व मालगुंड असे मुक्काम करत रत्नागिरी गाठली. आमची स्वतःची गाडी पंधरा वर्षांची झाली असल्याने तिला घाटात नेण्याचे धाडस होत नव्हते. आणि चालकासह गाडी घेतली की त्याच्या मुक्कामाची, जेवणाची आणि मुख्य म्हणजे त्याच्या कंटाळ्याची काळजी आपल्याला वाहावी लागते, हा पूर्वीचा अनुभव होता. एखाद्या खाडीच्या काठी दोन तास नुसते बसून राहायचे असेल, तर मागे गाडीत कोणी घड्याळ पाहत बसलेले नसावे.

भाडे दिवसाला 2,200 रुपये, इंधन आपले, अनामत रक्कम 5,000 रुपये, रोजचे 200 किलोमीटर भाड्यात धरलेले आणि टाकी भरून घेतल्यास भरूनच परत द्यायची, असा करार होता. करारपत्र मराठीत मिळाले, हे मुद्दाम नोंदवते. समुद्राच्या वाळूवर गाडी नेल्यास विमा लागू होणार नाही, हे कलम त्यात ठळक छापलेले होते आणि ते योग्यच आहे. पुळणीवर रुतलेली आणि भरतीचे पाणी चाकांपर्यंत आलेली गाडी दोरखंडाने ओढून काढण्याचा प्रकार आम्ही या प्रवासातही पाहिला.

काउंटरवरील तरुणाने आम्हाला उंच, मोठी गाडी घेण्याचा बराच आग्रह केला. आम्ही लहान पेट्रोल गाडीवर ठाम राहिलो आणि त्याचा पश्चात्ताप कोठेही झाला नाही. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून जाणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांनी असे आवळलेले असतात की समोरून रिक्षा आली तरी कोणीतरी मागे सरकावे लागते, आणि तेथे गाडीच्या उंचीपेक्षा तिची रुंदी महत्त्वाची ठरते. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीकडे चढताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन थोडे कुरकुरले, एवढेच.

गाडी ताब्यात घेतली ती सकाळी सहा वाजता, अर्धवट उजेडात. त्यांच्या माणसाने ओरखड्यांची छायाचित्रे घेतली खरी, पण त्यांत काळोखाखेरीज फारसे काही दिसत नव्हते, म्हणून आम्ही वाटेत पेट्रोल पंपावर थांबून गाडीभोवती फिरत पुन्हा चित्रण केले आणि ते त्यांना लगेच पाठवून दिले. परतीच्या वेळी मागच्या बंपरवरील जुन्या खरचटण्याचा प्रश्न निघाला, तो या चित्रणामुळे मिनिटभरात मिटला.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर मी दुसऱ्या चालकाचे नाव करारात विनामूल्य घालण्याची सोय हीच सांगेन. त्याचे कारण किनाऱ्याच्या भूगोलात आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो आणि आपल्याकडे सुकाणूही उजवीकडेच असते. त्यामुळे जेथे म्हणून पाणी दिसते, तेथे ते आधी चालवणाऱ्याला दिसते, ज्याने खरे तर रस्त्याकडे पाहायचे असते, आणि शेजारी निवांत बसलेल्याच्या वाट्याला डोंगराची कापलेली लाल दरड येते. पहिल्या दिवशी मी दरड पाहिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दर मुक्कामानंतर जागा बदलू लागलो, आणि दोघांचेही परवाने करारात नोंदलेले असल्याने एका पोलीस चौकीवर कागद दाखवताना काहीही अडचण आली नाही. काळ्या पाटीवरील पिवळे आकडे पाहून तेथील शिपायाने एवढेच विचारले, की गाडी पुण्याची आहे का.

हिवाळ्यातील सूर्याचा विचार मात्र आम्ही निघण्यापूर्वी केला नव्हता. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंशच वर असतो आणि तोही दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून चालवणाऱ्याच्या तो थेट समोर येतो, आणि दुपार कलली की उजव्या काचेतून दंडावर आणि कानशिलावर बसतो. थंडीचे दिवस म्हणून उन्हाची पर्वा न करणाऱ्या माझ्या पतींचा उजवा हात चौथ्या दिवशी डाव्यापेक्षा स्पष्टपणे काळवंडला होता. गाडीतील समोरची झडप उजव्या काचेकडे वळत होती, पण तिची खीळ सैल असल्याने खड्डा आला की ती नाकावर येई. शिवाय रात्रीच्या दवाबरोबर काचेवर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो असा चमकतो की पुढचे वळण दिसत नाही. अशा वेळी काच धुण्याचे बटण दाबले, तर पाण्याची टाकी कोरडी! पुढे दररोज सकाळी विहिरीचे तांब्याभर पाणी आणि जुने सुती फडके यांनी काच पुसणे हा आमचा नित्यनेम झाला.

याहून गंभीर दोष हातब्रेकचा होता, आणि तो आम्हाला कळला बागमांडल्याच्या उतारावर. या मार्गावर तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. बोटीची वाट पाहताना गाडी पाण्याकडे उतरत जाणाऱ्या धक्क्यावर उभी असते, आणि ओहोटीच्या वेळी धक्क्याचा खालचा भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो. तेथे हातब्रेक शेवटपर्यंत ओढूनही गाडी बोटभर सरकली. आम्ही तत्काळ ती रिव्हर्स गिअरमध्ये टाकली आणि चाकापुढे दगड लावला. संस्थेला दूरध्वनी केल्यावर त्यांनी नकार दिला नाही. दापोलीतील एका गॅरेजमध्ये केबल ताणून घ्यायला सांगितले आणि तो खर्च त्याच दिवशी खात्यावर जमा केला. तत्परता चांगली होती, पण घाटात आणि धक्क्यावर जाणारी गाडी देताना हातब्रेक तपासलेला असावा, ही अपेक्षा काही जास्त नाही.

फेरीबोटींविषयी वेगळे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु भाड्याच्या गाडीच्या दृष्टीने एकच सांगते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, तेव्हा आज दुपारी सुखाने चढलेली गाडी तीन-चार दिवसांनी त्याच वेळी पुढच्या खाडीवर चढताना रॅम्पच्या कोनात खाली घासू शकते. लहान गाडीचा हा एक तोटा मान्य करायला हवा. तवसाळला आम्ही घाई न करता एक बोट सोडली, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन वाळलेल्या गवतात बसलो आणि पाणी चढल्यावर पुढच्या बोटीने पार झालो. दाभोळहून चिपळूणमार्गे वळसा घालून गुहागरला जाणाऱ्यांची वाट वाईट नाही, पण खाडीच्या मधोमध इंजिन बंद करून दारे उघडी टाकून बसण्याचे सुख त्यांना मिळत नाही.

नऊ दिवसांत गाडी एकूण 911 किलोमीटर चालली आणि त्यांतले साधारण 360 एकट्या शेवटच्या दिवसाचे, आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला परतण्याचे. म्हणजे भाड्यात धरलेल्या 1,800 किलोमीटरपैकी निम्मे आम्ही वापरलेच नाहीत. गुहागरला तर गाडी तीनही रात्री आणि जवळपास दोन पूर्ण दिवस पोफळीच्या बागेशेजारी उभी होती. घरमालकांनी पहिल्याच संध्याकाळी बाहेर येऊन सांगितले, “माडाखाली लावू नका, नारळ काय सांगून पडत नाही,” आणि मग ती हलवून अंगणाच्या कडेला घेतली, एवढाच तिचा त्या मुक्कामातला प्रवास. न वापरलेल्या किलोमीटरांचा परतावा मिळत नाही. रेंगाळत फिरणाऱ्यांसाठी रोजच्या 80 किंवा 100 किलोमीटरांचा, कमी दराचा एखादा पर्याय असावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. सध्याची रचना एका दिवसात गोवा गाठणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते.

परतीचा व्यवहार सुरळीत झाला. महामार्गावरील किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर येथील टोल फास्टॅगमधून कापला गेला होता, त्याचा तपशील मिळाला. अनामत तिसऱ्या दिवशी परत आली, त्यातून 400 रुपये वाळू साफ करण्यासाठी वजा करून. वाळू होती, हे खरे आहे. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीत ती नसेल अशी अपेक्षा कोणाची होती, हे मात्र विचारावेसे वाटले.

पाचपैकी साडेतीन गुण देत आहे. अर्धा गुण हातब्रेकचा आणि काचेच्या पाण्याचा मिळून गेला. उरलेला एक गुण वेगळ्या कारणासाठी राखून ठेवला आहे: पुढच्या हिवाळ्यात कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरावे, तेथे गाडी घ्यावी आणि सूर्य पाठीशी ठेवून उत्तरेकडे हळूहळू वर सरकत पुण्याला ती सोडावी, असा आमचा बेत आहे, परंतु एका गावी घेतलेली गाडी दुसऱ्या गावी सोडण्याची सोय या संस्थेकडे नाही. ती झाली तर समुद्र डावीकडे येईल. मग शेजारच्या जागेसाठी आमच्यात भांडण होईल, त्याला संस्थेचा इलाज नाही.