माराकेशमधे मला 'दोनशे वर्षं जुनी' मेगिल्ला (ज्यूंच्या धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी) विकली, तुम्ही घेऊ नका

आधीच सांगतो, मोरोक्को मस्त आहे आणि ज्यू म्हणून आम्हाला तिथे कुणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट जो तो कौतुकच करत होता, आणि त्या कौतुकातच माझा मामा झाला.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. १९४८ च्या सुमारास मोरोक्कोत अडीच लाखाच्या आसपास ज्यू होते, आता जेमतेम काही हजार उरलेत, तर त्यांच्या जुन्या मशिदी एकदा बघायच्या (आमच्यात सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात, मुंबईचं मस्जिद स्टेशन त्यावरूनच) असं बरीच वर्षं घाटत होतं.

माराकेशचा मेल्लाह म्हणजे १५५८ साली सुलतानाने राजवाड्याशेजारी वसवलेली ज्यूंची वस्ती. स्लात अल-अझामा ही मशीद तिथेच बोळात आहे, बाहेरून साधं घर वाटतं. मंगळवारी सकाळी मॅप उलटासुलटा करत उभे होतो तर एक पन्नाशीचा गृहस्थ आला, शालोम म्हणाला, आज बंद आहे, यहुद्यांचा सण आहे. आता आमचे सण मला माहीत नसतील का? त्या दिवशी काही नव्हतं. पण वाटलं इथे संतांच्या हिलुला (पुण्यतिथीचे उत्सव) होतात, त्यातलीच एखादी असेल. बायकोने कोपराने ढोसलं, मी लक्ष दिलं नाही.

मग त्याची आजी ज्यू शेजारणीकडे शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तेव्हा ज्यू स्वतः आग पेटवत नाहीत) चूल पेटवायला जायची वगैरे सुरू झालं. ऐकायला इतकं गोड की आम्ही मागे मागे चालत थेट एका दुकानात. पुदिन्याचा चहा आला, आणि दुकानदाराने फडक्यातून चामड्याची गुंडाळी काढली. एस्तेरची मेगिल्ला, म्हणजे एस्तेर राणीच्या गोष्टीची, दोनशे वर्षं जुनी, एक कुटुंब इस्राएलला जाताना ठेवून गेलं. थोडीशी उलगडली, मी बोट ठेवून वाचायला लागलो आणि भराभर वाचता येत होतं! दुकानदार डोळे पुसतोय, मी हवेत. ४००० दिरहॅमवरून १८०० ला तुटलं, म्हणजे आपले पंधरा हजाराच्या वर, फक्त कॅश, पावती नाही. 'गाईड'ने बाहेर आल्यावर वर २०० घेतले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी स्वतः शोधत गेलो तर मशीद उघडी. निळं-पांढरं अंगण, झाडं, अगदी शांत. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणे काल पण उघडीच होती, आम्ही शनिवारी बंद ठेवतो. मोबाईलवर गुंडाळीचा फोटो दाखवला, तो झूम करून अक्षरांखालच्या टिंबांवर बोट ठेवून नुसता हसला.

आणि मला घाम फुटला. हाताने लिहिलेल्या मेगिल्लेला किंवा सेफर तोराला (तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला) ती स्वरांची टिंबं नसतातच. ती छापील प्रार्थनेच्या पुस्तकात असतात, मी लहानपणी त्यावरच शिकलो, टिंबं काढली तर मी अडखळतो. म्हणजे मला फाडफाड वाचता आलं हाच पुरावा होता आणि मी त्याचाच अभिमान मिरवत बसलो होतो. रात्री हॉटेलवर पूर्ण उलगडली तर पहिलाच शब्द बेरेशीत, म्हणजे एस्तेर पण नाही, तोराचं पहिलंच पुस्तक, उत्पत्ती! शिवाय शाईचा तोच डाग तीन ठिकाणी, अगदी जसाच्या तसा. प्रिंट मारलेली.

तर तिकडे जाणार असाल तर मशीद 'आज बंद' सांगणाऱ्याला हसून नमस्कार करा आणि दारापर्यंत जाऊन बघा. गाईड हवाच असेल तर हॉटेलमधून लायसन्सवाला घ्या, गळ्यात बॅज असतो. आणि खरी जुनी मेगिल्ला असलीच तरी ती अशी दुकानात चहाबरोबर येत नाही, खराब झालेलं पवित्र लिखाण आपल्यात पुरतात. हे मला माहीत होतं हो, पूर्ण माहीत होतं.

दुकान परत सापडलं, शटर खाली. टुरिस्ट पोलिसांकडे गेलो नाही कारण संध्याकाळी फेझची ट्रेन होती. बायको अजून पाहुण्यांसमोर विचारते, "ती एस्तेर दाखवू का?"