जेमसन की रेडब्रेस्ट १२?

डब्लिन विमानतळावरून मित्राचा मेसेज : "एकच बाटली घेतोय. कोणती?"

दोन्ही आयरिश व्हिस्की, कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीच्याच, दोन्हींचं ऊर्ध्वपातन तीनदा, अल्कोहोलही तेवढंच, ४० टक्के. फरक धान्यात. जेमसनमध्ये पॉट स्टिलसोबत (तांब्याच्या हंड्यात गाळलेली व्हिस्की) हलकी ग्रेन व्हिस्की (मुख्यतः मक्यासारख्या धान्याची) मिसळलेली असते. रेडब्रेस्ट निव्वळ पॉट स्टिल : मोड आणलेलं आणि कच्चं बार्ली एकत्र. त्या कच्च्या बार्लीमुळेच ती जिभेवर सायीसारखी बसते. शिवाय आधी बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) मुरलेल्या पिंपांत किमान १२ वर्षं. ग्लासात नाक घातलं की मनुका, जायफळ. पहिल्यांदा मी बर्फाचे चार खडे टाकून तिची पार वाट लावली होती. पाण्याचे दोन थेंब पुरतात.

किमतीत जेमसन कितीतरी स्वस्त. मला आयरिश व्हिस्कीची गोडी तिनेच लावली, जिंजर एल आणि लिंबाच्या फोडीसोबत, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. नुसती घेतली तर मात्र चव फार लवकर विरते.

चौघांत बसून एका रात्रीत संपवायची असेल तर जेमसन, आणि तीही तिथून नको, परत आल्यावर इकडेच घे, सहज मिळते. जेवणानंतर एकेक पेग पुरवून प्यायची असेल तर रेडब्रेस्ट उचल.