दादरचे सोनोग्राफी केंद्र: अनिश्चित अहवालानंतरचा अनुभव

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यातील ॲनॉमली स्कॅनमध्ये (बाळात काही व्यंग आहे का हे पाहणाऱ्या सोनोग्राफीत) बाळाच्या मेंदूत कोरॉइड प्लेक्सस सिस्ट (द्रवाने भरलेली छोटी पिशवी) दिसल्याचा अहवाल दुसऱ्या एका केंद्राने काहीही न समजावता हाती ठेवला, आणि पुढचे चार दिवस घरात कोणालाच अन्न गोड लागले नाही. दादरच्या या केंद्रातील फीटल मेडिसिनच्या (गर्भातील बाळाच्या आरोग्याच्या तज्ज्ञ) डॉक्टरांनी मात्र पाऊण तास देऊन बाळाचे हृदय, मुठी, पावले पुन्हा तपासली. दुसरा दोष नसताना एकटीच दिसलेली अशी सिस्ट बहुधा २८ आठवड्यांपर्यंत विरते, आणि एडवर्ड्स सिंड्रोमची (गुणसूत्रांतील दोषामुळे होणाऱ्या गंभीर जन्मजात विकाराची) शंका उरल्यास आईच्या रक्तावरून एनआयपीटी (अशा गुणसूत्रदोषांची शक्यता पाहणारी चाचणी) करता येते, परंतु तीही चाळणी चाचणीच आहे, निदान नव्हे, हे त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितले. खोटी खात्री त्यांनी दिली नाही; मला त्याचाच आधार वाटला. प्रतीक्षा मात्र दीड तासाची आणि खुर्च्या अपुऱ्या, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी.